छातीची प्लेट आणि घरातले मौन

‘मेडिकलला पास झाला’ हे वाक्य आपल्या घरांतून ज्या आनंदाने सांगितले जाते, त्या आनंदाने बारावीचा निकालही सांगितला जात नाही. मुलगा कुवेतला निघालेला असो, मुलगी रियाधच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होणार असो, तिकीट आणि व्हिसा या पुढच्या गोष्टी. आधी छातीची प्लेट. ती स्वच्छ निघाली की पेढे वाटले जातात, रविवारच्या मिस्सेनंतर फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, आणि घरात आईने इतकी वर्षे उराशी धरलेली काळजी एका दिवसात संपल्यासारखी होते. माझा वाद या आनंदाशी नाही. त्या एका प्लेटवर आपण जो विश्वास टाकून बसलो आहोत, आणि तिच्या आडोशाला जे लपवीत आलो आहोत, त्याच्याशी माझा वाद आहे.

येवल्यासारख्या पैठणीच्या आणि कांद्याच्या गावात आपली घरे थोडी. मागावर बसणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या गावातच राहिले. आपल्या घरांतली मुले मात्र शिकली की बाहेर पडतात. मनमाडच्या रेल्वेत लागलेल्या आजोबांचा नातू आज मस्कतला असतो आणि मिशनच्या शाळेत शिकलेली नात परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून परदेशाची वाट धरते. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून आजपर्यंत या धर्मप्रांताच्या गावोगावच्या घरांत परदेशातून आलेल्या पैशाने किती छपरे स्लॅबची झाली, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. पण तो डोळ्यांना दिसतो. दिसत नाही ती गोष्ट निराळी आहे. निघताना किती जणांच्या पिशवीत दम्याचा पंप होता, आणि तो किती जणांनी मुद्दाम घरी ठेवला?

प्लेट काय सांगते, हे आधी नीट समजून घेऊ. क्ष-किरणांचे चित्र छातीतली रचना दाखविते. फुप्फुसात कोठे पाणी आहे, कोठे गाठ आहे, कोठे जुनी जखम भरून तिचा व्रण राहिला आहे, हे त्यात दिसते. पण दमा हा श्वासनलिका आखडण्याचा आणि सुजण्याचा विकार आहे. तो येतो, जातो, पुन्हा येतो. ज्या दिवशी दम लागलेला नाही त्या दिवशी दम्याच्या रोग्याची प्लेट बहुधा अगदी स्वच्छ असते. म्हणजे काल रात्री उशीला टेकून बसून काढलेला मुलगा आज सकाळी तपासणीला जाऊ शकतो आणि ‘पास’ होऊ शकतो. उलट, दहा वर्षांपूर्वी क्षयाचा सहा महिन्यांचा औषधोपचार एकही दिवस न चुकविता पुरा केलेली, पूर्ण बरी झालेली, कोणालाही संसर्ग देऊ न शकणारी मुलगी त्याच यंत्रापुढे उभी राहते आणि तिच्या फुप्फुसाच्या टोकाला राहिलेला जुना व्रण तिला ‘नापास’ करतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहा आखाती देशांसाठी नेमलेल्या केंद्रांतून जी तपासणी होते, तिच्यात क्षयाचा जुना व्रणही अपात्रतेचे कारण ठरत आला आहे. जी बरी झाली तिला अडविणारी आणि जो आज आजारी आहे त्याला सोडून देणारी ही चाळणी आहे.

परिचारिकेच्या बाबतीत तर हा अन्याय अधिकच बोचतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. जी मुलगी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात खोकणाऱ्या माणसांच्या उशाशी उभी राहिली, तिला तो रोग तेथेच जडला असण्याचा संभव मोठा. सेवेत मिळालेला व्रण तिच्या सेवेच्याच आड येतो. अशी एक मुलगी माझ्या परिचयात आहे. तिच्याजवळ उपचार पुरा झाल्याचा दाखला होता, थुंकीच्या तपासण्या निर्दोष होत्या, पण त्या केंद्रात ते कागद कोणी हातातही घेतले नाहीत.

हा नियम अटळ आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्या भारतीयालाही छातीची प्लेट काढावी लागते. तेथे मात्र प्लेटवर संशयास्पद काही दिसले, तर थुंकीचे नमुने घेऊन ते जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी ठेवले जातात. त्याला दोन महिने लागू शकतात. पण नमुना निर्दोष ठरला तर दाखला मिळतो. प्रश्न विचारला जातो तो ‘आज रोग आहे का?’ हा. संयुक्त अरब अमिरातीनेही २०१६ साली एक पाऊल पुढे टाकले. तेथे आधीपासून राहून काम करणाऱ्याच्या छातीत परवाना नूतनीकरणाच्या वेळी क्षय आढळला, तर पूर्वीसारखे त्याला हाकलून न देता उपचारावर ठेवून राहू देण्याची सोय झाली. नव्याने जाणाऱ्याला मात्र ती सवलत नाही. म्हणजे नियम माणसांनी केलेले आहेत आणि माणसे ते बदलतात. आपल्या सरकारने या देशांशी मजुरांबाबत करार करताना हा मुद्दा रेटून मांडला पाहिजे, असे म्हणणारा एक तरी आवाज आपल्या समाजातून उठला आहे काय? खासदारांना निवेदने आपण दफनभूमीच्या जागेसाठी देतो, शाळेच्या अनुदानासाठी देतो. या मुलींसाठी का देत नाही?

असो. दुसऱ्यांच्या नियमांवर बोट ठेवणे सोपे असते. आता घरात येऊ.

आपल्या घरांत दमा नसतो. ‘कफाची प्रकृती’ असते, ‘धुळीची ऍलर्जी’ असते, ‘लहानपणी बाळदमा होता, आता गेला’ असे असते. मुलीच्या बाबतीत तर हे शब्दही दबल्या आवाजात, कारण स्थळ फिरून जाईल. पंप असलाच तर कपाटात कपड्यांच्या घडीखाली. पाहुण्यांदेखत तो तोंडाला लावणे म्हणजे जणू काही निर्लज्जपणा! ज्या घरात आजोबांच्या मधुमेहाची गोळी जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्याशेजारी उघड्यावर असते, त्याच घरात नातवाचा पंप चोरासारखा लपून राहतो. हा फरक कोणी शिकविला?

आणि पंपाविषयी आपले अज्ञान तर विचारू नका. ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘त्यापेक्षा गोळी सौम्य’. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दम उतरविणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाचा पंपातून येणारा एक झोत शंभर मायक्रोग्रॅमचा असतो. तेच औषध गोळीतून घेतले तर ती गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची. चार मिलिग्रॅम म्हणजे चाळीस झोत! गोळी आधी पोटात, मग रक्तात, मग साऱ्या शरीरभर फिरते आणि हात थरथरवीत, छाती धडधडवीत शेवटी फुप्फुसात पोचते. पंपाचे औषध जेथे हवे तेथेच जाते. हे साधे गणित आपण मुलांना शिकवीत नाही. त्यापेक्षा मृग नक्षत्रावर मनमाडहून गाडी धरून हैदराबादला मासा गिळायला जाणे किंवा कोजागिरीच्या रात्री खिरीतले औषध घेणे आपल्याला अधिक पटते. त्या रांगांत आपल्या धर्मग्रामातले लोक नसतात, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकेल काय? मी तरी सांगणार नाही.

या मौनाची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. जगातल्या दम्याच्या रोग्यांपैकी सुमारे तेरा टक्के आपल्या देशात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपला दमा काही जगाहून अधिक क्रूर नाही. आपण तो ओळखत नाही, ओळखला तर मान्य करीत नाही, आणि मान्य केला तर दम लागेल तेवढ्यापुरता निळा पंप ओढून पुन्हा विसरतो. रोज घ्यावयाचे, सूज उतरविणारे औषध ‘स्टिरॉइड आहे’ म्हणून टाळतो. दम्याच्या उपचारांची दिशा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१९ साली स्पष्ट सांगितले, की केवळ दम उतरविणाऱ्या पंपावर कोणा प्रौढ रोग्याला ठेवू नये; सूज कमी करणारे औषध हवेच. ही बातमी आपल्यापैकी किती घरांत पोचली?

आता या मुलाला विमानात बसवू. विमान उंच गेल्यावर आतली हवा जास्तीत जास्त चोवीसशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरांचे. म्हणजे कळसूबाईहून उंच चढल्यासारखेच ते. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. पण ज्याचा दम आधीच चढलेला आहे आणि ज्याचा पंप खाली सामानाच्या पेटीत आहे, त्याला वाटू शकते. मग तो उतरतो कुवेतला. २०२२ च्या मे महिन्यात तेथे धुळीची वादळे अशी उठली की विमानतळावरची वाहतूक थांबवावी लागली. शेजारच्या इराकमध्ये त्याच महिन्यातल्या एका वादळात पाच हजारांहून अधिक माणसे गुदमरून रुग्णालयांत पोचली. बाहेर ही धूळ आणि आत बंद खिडक्यांतले यंत्राचे गार वारे. एका खोलीत सहा-आठ जण, त्यांतले दोघे विडीकाडी ओढणारे. जी मुलगी घरकामाला गेली तिच्या मालकिणीच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी बखूर जळतो. आपल्या देवळातला उदाचा धूर रविवारी घटकाभर असतो, हा रोजचा आणि बंद दारांचा. घरी ‘कफाची प्रकृती’ म्हणून निभावलेला दमा येथे आपले खरे नाव सांगतो.

अशा वेळी औषध मागायचे तरी कसे? इकडे आपण औषध कंपनीच्या नावाने ओळखतो. ते नाव परदेशातल्या दुकानदाराला कळत नाही. ज्याला आपण आणि इंग्रज सालब्युटामॉल म्हणतो त्यालाच अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. ज्याच्याजवळ मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी नाही, तो मध्यरात्री केवळ छातीकडे बोट दाखवील. याहून घातक चूक खोकल्याच्या बाटलीची. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे घरोघरी प्याले गेले. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन नियंत्रित औषधांत मोडते. पूर्वपरवानगीवाचून ते सामानात सापडले तर तो गुन्हा ठरू शकतो. आईने मायेने भरून दिलेली बाटली मुलाला पोलिसांपुढे उभी करू शकते, हे आईला कोणीतरी सांगितले पाहिजे की नाही?

परदेश म्हणजे केवळ आखात नव्हे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी विजांचे वादळ आले. त्याने गवताचे परागकण फोडून अतिसूक्ष्म केले आणि श्वासाबरोबर ते थेट फुप्फुसांत खोल गेले. पुढच्या तीस तासांत श्वासाच्या तक्रारीने रुग्णालयांत येणाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा तीन हजारांहून अधिक वाढली. दहा माणसे गेली. भारतीय आणि श्रीलंकन वंशाच्या लोकांना त्याचा तडाखा त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक बसला. बाधितांपैकी अनेकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकच नव्हते. दर वसंतात शिंका येतात, डोळे चुरचुरतात, एवढेच ते जाणत होते. ‘ऍलर्जी आहे, बाकी काही नाही’ हे आपलेच वाक्य की!

मराठी माणसाला हा धडा नवा असू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, त्या आधीच खंगलेल्या होत्या. अशक्तपणा, ताप, डोकेदुखी, मधूनच धाप. फिलाडेल्फियाच्या थंडीत क्षयाने त्यांना ग्रासले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात गेल्या. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते, म्हणून त्या काळाला दोष देता येत नाही. आज औषध आहे. तरीही आपण आनंदीबाईंचे धैर्य तेवढे भाषणांत घेतो. त्यांच्या प्रकृतीची गोष्ट घेत नाही.

येथे मला हटकून विचारले जाईल : ‘सांगितले तर नोकरी जाईल, मग घर कोण चालविणार?’ हा प्रश्न खोटा नाही, आणि ज्यांनी विमानाच्या तिकिटासाठी दागिने गहाण ठेवले आहेत त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. इंग्लंडसारख्या देशात २०१० च्या समता कायद्याने नोकरी देण्याआधी प्रकृतीची चौकशी करण्यावर बंधने घातली आहेत. आखातात तसे संरक्षण मिळेल असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने दोन गोष्टी एकत्र कालविल्या आहेत. मालकाला काय सांगायचे हा एक प्रश्न. डॉक्टरला, घरच्यांना आणि स्वतःला काय सांगायचे हा दुसरा. आपण पहिल्याच्या भीतीने दुसरेही सांगत नाही. तपासणीच्या आधी आठवडाभर औषध बंद ठेवण्याचा सल्ला देणारे दलाल मला ठाऊक आहेत. तो सल्ला ऐकणारे बापही. प्लेटवर त्याने काडीचा फरक पडत नाही, छातीत मात्र पडतो. आणि छापील अर्जात दम्याविषयी थेट विचारले असेल तर ‘नाही’ असे लिहून पुढे विम्याची भरपाई नाकारली गेली की तक्रार कोणाकडे करणार? आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना प्रामुख्याने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांसाठी आहे. तिच्या भरवशावर दमा घेऊन कोणी निघू नये. नियंत्रणात असलेल्या दम्याचा माणूस आठ तासांची पाळी करतो, जिने चढतो, धावतोही. दमा लपविणाऱ्यालाच एके दिवशी कामावर कोसळून परतीचे तिकीट मिळते.

आपल्या डोळ्यांदेखत एक उदाहरण घडून गेले. पोप फ्रान्सिस यांच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग १९५७ साली, तारुण्यातच, काढून टाकावा लागला होता. पुढच्याच वर्षी येशूसंघाने त्यांना स्वीकारले. त्यांना मिशनरी म्हणून जपानला जायचे होते; फुप्फुसाच्या कारणानेच त्यांना नकार मिळाला. त्यांनी प्रकृती लपवून परवानगी मिळविली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात दुबईच्या हवामान परिषदेला जायचे ठरले असताना फुप्फुसाच्या सुजेमुळे डॉक्टरांनी मनाई केली, आणि तसे जगाला जाहीरपणे सांगून दौरा रद्द झाला. त्याच माणसाने पुढच्या वर्षी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, इंडोनेशियापासून सिंगापूरपर्यंत चार देशांचा प्रवास केला. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाला तेव्हा रोज प्रकृतीचे निवेदन निघत होते, आणि ६ मार्चला संत पीटरच्या चौकात रोझरीसाठी जमलेल्यांनी त्यांचा धापा टाकणारा आवाज ऐकला. आपल्या घरांतल्या भिंतीवर त्यांचे चित्र आहे. त्या चित्राखालच्या कपाटात पंप अजून कपड्यांच्या घडीखाली का असावा?

धर्मग्रामाने काय करावे, हे मी मोघम सांगणार नाही. परदेशी निघणाऱ्यांना निरोप देताना आपण नोव्हेना करतो, जपमाळ देतो. त्याच आठवड्यात त्या मुलाने नाशिकला जाऊन नळीत फुंकून करावयाची फुप्फुसांची तपासणी करून घेतली आहे की नाही, हेही विचारावे. प्लेटवर जे दिसत नाही ते त्या फुंकेत सापडते. मूळ औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी, हातातल्या पिशवीत पंप, त्या देशाच्या नियमांत बसेल तेवढा औषधांचा साठा, आणि दम वाढला तर कोणत्या क्रमाने काय करायचे याचा एक कागद, एवढी तयारी धर्मग्रामातल्या कोणत्याही निवृत्त परिचारिकेला एका दुपारी करून देता येईल. अशा परिचारिका आपल्याकडे आहेत. त्यांना आपण फक्त नाताळच्या केकसाठी बोलावतो.

ज्यांनी क्षयाचा उपचार पुरा केला आहे त्यांनी आपली जुनी प्लेट फेकून देऊ नये. व्रण पाच वर्षे जसाच्या तसा आहे, वाढलेला नाही, हे दोन प्लेटा शेजारी ठेवल्यानेच सिद्ध होते. आणि जे देश ते पाहायला तयार आहेत त्यांच्यापुढे तोच कागद कामाला येतो. परिचयातल्या ज्या मुलीचा उल्लेख वर केला, तिने आता आखाताचा नाद सोडून इंग्लंडसाठी अर्ज केला आहे. तिच्या थुंकीचे नमुने तपासणीला गेले आहेत, आणि तिच्या घरी या वेळी शेजाऱ्यांना सगळे सांगितले आहे.